सकाळी झाडाखाली फुलांचा सडा आणि रात्रीची वटवाघळं: नासधूस की परागीभवन?

प्रश्न थोडक्यात असा होता की रात्री फुललेल्या झाडावर वटवाघळांची झुंबड असते, सकाळी खाली फुलांचा सडा पडलेला असतो, मग ही मंडळी परागीभवन करतात असं जे म्हणतात ते खरं का नुसतं पुस्तकी, आणि मधमाश्या असताना झाडाला असल्या अवजड पाहुण्याची गरजच काय. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणजे रात्रभर झाडाखाली बसायचं, फुलं मोजायची आणि दिवसा झोप काढायची, तर जरा सविस्तरच लिहितो.

आधी त्या सड्याचं बघू, कारण निम्मा गैरसमज तिथूनच सुरू होतो. खाली पडलेलं एक फूल उचला आणि नेमकं काय पडलंय ते बघा. बऱ्याचदा पाकळ्या आणि पुंकेसरांचा (पराग देणाऱ्या नर भागांचा) झुबका पडलेला असतो, मधला स्त्रीकेसर (मादी भाग) आणि त्याखालचं अंडाशय, ज्याचं पुढे फळ होतं, ते वर फांदीलाच असतं. आग्नेय आशियातल्या ड्युरियन या फळझाडाचं उदाहरण घ्या, फूल दुपार कलली की उमलतं, संध्याकाळी पराग मोकळे होतात आणि मध्यरात्रीच्या आसपास पाकळ्या, पुंकेसर सगळं आपोआप गळून पडतं, झाडावर फक्त स्त्रीकेसर शिल्लक. सकाळी बागवाला येतो, खाली ढीग बघतो, रात्री वटवाघळं पाहिलेली असतातच, झालं, दोन अधिक दोन करून मोकळा. टेटूच्या झाडाचंही तसंच, जाडजूड फूल रात्री उघडतं आणि उजाडायच्या आत गळतं. मोहाच्या झाडात तर अजून मजा आहे, स्त्रीकेसर कळीतूनच बाहेर डोकावत असतो आणि पुंकेसर पाकळ्यांच्या नळीला आतून चिकटलेले असतात, म्हणजे वटवाघळाने ती गोड मांसल नळी ओढून खाल्ली तरी अंडाशय जागच्या जागी. तुम्हाला जे नुकसान दिसतंय ते बहुतेक वेळा काम संपवून बाजूला टाकलेलं पॅकिंग असतं.

आता याचा अर्थ वटवाघळं कधीच फूल खात नाहीत असं नाही हां. मोठी फळखाऊ वटवाघळं, ज्यांना इंग्रजीत फ्लाइंग फॉक्स म्हणतात, ती काही झाडांची फुलं चावून चोथा थुंकतात, हे मी स्वतः पाहिलंय. पण त्यांच्यावरही सरसकट ठपका ठेवता येत नाही. मलेशियातल्या तिओमन बेटावर ड्युरियनच्या झाडांवर कॅमेरे लावून बघितलं तेव्हा तिथली फ्लाइंग फॉक्स मकरंद चाटून जातात आणि फुलाच्या महत्त्वाच्या भागांना धक्का लावत नाहीत असं दिसलं, आणि त्यांनी भेट दिलेल्या फुलांना फळंही धरली. २०१७ मध्ये तो अभ्यास छापून आला. पॅसिफिक बेटांवर आणि आग्नेय आशियात फ्रेसिनेशिया नावाची केवड्याच्या कुळातली वेल असते, तिच्यात तर फुलाभोवतीची मांसल पानं हीच मजुरी असते, वटवाघळाने ती खावीत अशीच योजना आहे, खाताना तोंडाला पराग लागतात आणि पुढच्या वेलीवर जातात. तेव्हा खाल्लं म्हणजे बिघडवलं हे समीकरण डोक्यातून काढून टाका.

मजुरी हा शब्द मुद्दाम वापरला. माझ्या मते वटवाघळाच्या फुलाबद्दल एकच गोष्ट नीट समजली की बाकी सगळं आपोआप लागतं, ती म्हणजे हा पराग वाहून नेणारा हमाल दमदार आहे पण भयंकर महाग आहे. फुलाचा आकार, वास, वेळ, जागा सगळं या एका हिशेबातून आलंय.

महाग कसा ते बघा. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत ग्लॉसोफॅगा नावाचं छोटं वटवाघूळ आहे, वजन जेमतेम १० ग्रॅम, हे फुलासमोर हवेत तरंगत जीभ आत घालतं. तरंगत राहणं म्हणजे उडण्यातला सगळ्यात खर्चिक प्रकार. हा प्राणी एका रात्रीत स्वतःच्या वजनाच्या दीडपट मकरंद पितो, आणि आत्ता प्यालेली साखर आत्ताच जाळतो, त्याच्या खर्चाचा साधारण ८० टक्के भाग त्या ताज्या साखरेवरच चालतो असं २००७ च्या एका अभ्यासात मोजलं गेलंय. हातावरचं पोट म्हणतात ना, ते अक्षरशः. आता अशा प्राण्याला रोज रात्री बोलवायचं म्हणजे झाडाला मकरंद हात राखून देऊन कसं चालेल? मधमाशीच्या फुलात मकरंदाचा थेंब शोधावा लागतो, वटवाघळाच्या फुलात तो कधीकधी वाकवलं तर सांडतो.

एक गंमत मात्र आहे, हा मकरंद फार गोड नसतो. साधारण १५ ते २० टक्के साखर, आणि मधमाश्या ज्यावर तुटून पडतात तो याहून बराच गोड असतो. वटवाघळांना समोर निवड दिली तर ती गोडच निवडतात, मग फुलं पातळ सरबत का देतात हे कोडं बरीच वर्षं पडून होतं. २०१७ मध्ये कोस्टा रिकात कॉम्प्युटरवर चालणारी कृत्रिम फुलं लावून एक सुंदर प्रयोग झाला, त्यातून निघालं ते असं की वटवाघूळ फरक प्रमाणात ओळखतं, पाचवर एक वाढला तर कळतं, पन्नासवर एक वाढला तर नाही (आपलंही तसंच, हातातल्या पिशवीत एक लिंबू टाकलं तर जाणवतं, पोत्यात टाकलं तर नाही). त्यामुळे एका हद्दीनंतर मकरंद अजून गोड करून फुलाला गिऱ्हाईक वाढत नाही, नुसती साखर वाया जाते, आणि पिढ्यानपिढ्या हळूहळू गोडी खाली येऊन थांबते. बाकी स्पष्टीकरणंही आहेत पण मला हे सगळ्यात पटतं.

मग इतका महाग हमाल परवडतो कधी? दोन गोष्टींसाठी. एक, त्याच्या अंगावर फर असते, आणि फरवर पराग जितके बसतात तितके पिसांवर बसत नाहीत. इक्वाडोरमध्ये संशोधन करणाऱ्या नेथन मुचला यांनी वटवाघळं आणि हमिंगबर्ड (फुलासमोर तरंगत मकरंद पिणारे अमेरिकेतले छोटे पक्षी) यांची समोरासमोर तुलना केली, तर वटवाघळाने पोचवलेले पराग साधारण चौपट निघाले. मधमाशीचा प्रश्न वेगळा, ती पराग पिल्लांसाठी घरी नेते, पायावरच्या टोपलीत दाबून भरते, म्हणजे झाडाच्या दृष्टीने तो माल गेलाच. आणि दुसरी गोष्ट अंतर. उष्ण कटिबंधातल्या जंगलात एकाच जातीची दोन झाडं शेजारी असतील याची खात्री नाही, अनेक झाडांना स्वतःचे पराग चालत नाहीत, दुसऱ्या झाडाचेच लागतात, आणि ते दुसरं झाड कधीकधी कोसभर लांब. मेक्सिकोच्या वाळवंटी भागात लेप्टोनिक्टेरिस नावाचं वटवाघूळ गुहेतून निघून एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत फेरी मारतं. मधमाशी कितीही कष्टाळू असली तरी हे तिच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून ही फुलं कुठे सापडतात ते बघितलं की हिशेब कळतो. विखुरलेली उंच झाडं, वाळवंटातले एकेकटे उभे खांबासारखे निवडुंग, आयुष्यात एकदाच फुलणारी घायपात, खाडीकाठची चिप्पी, आफ्रिकेतली गोरखचिंच, पांढरी सावर, रानकेळी. एकूण ५०० हून जास्त वनस्पती, ६७ कुळांत पसरलेल्या. म्हणजे हा प्रकार एकदा उगवून वाढला असं नाही, वेगवेगळ्या घराण्यांनी आपापला तोच शोध लावला. वटवाघळांच्या बाजूनेही तेच झालंय. आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलियात हे काम फळखाऊ वटवाघळांचं कुळ करतं, अमेरिकेत पूर्ण वेगळं, नाकावर पान असलेल्या वटवाघळांचं कुळ करतं, आणि दोन्हीकडच्या मकरंद पिणाऱ्यांची थोबाडं लांबट, दात बारके, जीभ लांब आणि टोकाला ब्रशसारखी. जगात वटवाघळांच्या १४०० च्या वर प्रजाती आहेत, बहुतेक किडे खातात, त्यातल्या थोड्याच या धंद्यात आल्या.

पण दोन्हीकडची काम करायची पद्धत वेगळी आहे आणि फुलावर त्याची छाप दिसते. जुन्या जगातली, म्हणजे आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलियाकडची वटवाघळं आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालत नाहीत (काही जाती जिभेने टकटक आवाज काढून गुहेत वाट शोधतात तेवढं सोडा), ती डोळ्यांनी आणि नाकाने फूल शोधतात, आणि फुलावर चक्क बसतात, अंगठ्याच्या नखाने पकडून लोंबकळतात. त्यामुळे तिकडची फुलं दणकट लागतात. टेटूच्या पाकळीला हात लावून बघा, जाड चामडं वाटेल. सकाळी त्या पाकळीवर तपकिरी पडलेले ओरखडे दिसले तर समजायचं रात्री कोणीतरी येऊन बसून गेलंय, हा आमचा सगळ्यात स्वस्त पुरावा, कॅमेरा नको काही नको. टेटूची अजून एक खोड आहे, कुक्षी (स्त्रीकेसराचं टोक, जिथे पराग पडावे लागतात) दोन पाळ्यांची असते आणि स्पर्श झाला की मिटते, वटवाघळाने आत डोकं घालताना डोक्यावरचे आधीच्या फुलाचे पराग तिथे घासले की दार बंद, मग बाहेर निघताना याच फुलाचे पराग अंगाला लागले तरी स्वतःचे स्वतःवर पडायची भीती नाही.

अमेरिकेतली छोटी वटवाघळं बसत नाहीत, हमिंगबर्डसारखी तरंगतात, सेकंदाच्या आत काम आटपून पुढे. आणि ती इकोलोकेशन वापरतात, म्हणजे स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात, म्हणून तिकडच्या काही फुलांनी जे केलंय ते वाचून मी पहिल्यांदा वेडाच झालो होतो. कोस्टा रिकात म्युकुना नावाची वेल आहे, आपल्या खाजकुइलीची चुलत बहीण म्हणा, तिच्या फुलाची वरची पाकळी वाटीसारखी वळलेली असते आणि वटवाघळाचा आवाज सरळ त्याच्याकडे परत फेकते, आरसा उजेड परत फेकतो तसा. जर्मन शास्त्रज्ञ ओटो आणि डॅगमार फोन हेल्व्हर्सन यांनी त्या वाटीत कापूस भरला तर वटवाघळांच्या भेटी एकदम घसरल्या. हे १९९९ चं काम. फूल ताजं असेल, म्हणजे अजून कोणी येऊन गेलेलं नसेल, तरच ती पाकळी उभी असते, आणि वटवाघळाने तोंड खुपसलं की खालचा भाग फटकन फुटतो आणि पराग त्याच्या पार्श्वभागावर उडतात. क्युबात मार्कग्रेव्हिया नावाच्या वेलीने फुलांच्या वर एक खोलगट ताटलीसारखं पानच उभं केलंय, कुठल्याही कोनातून ओरडा, सारखाच ठळक प्रतिध्वनी येतो. २०११ मध्ये ते पान कृत्रिम खाद्यपात्रावर लावून बघितलं तेव्हा वटवाघळाला पात्र सापडायला लागणारा वेळ निम्म्यावर आला. गर्द पानोळ्यात हजार पानांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळत असताना एकच आवाज सारखा तसाच येतोय, म्हणजे अंधारात लावलेली पाटीच की.

जागेचंही तेच. वटवाघळाच्या पंखाला मोकळी हवा लागते, पानांच्या गचपणात शिरायचं म्हणजे पंख फाटायची भीती, म्हणून ही फुलं पानांच्या बाहेर काढलेली असतात, कुठे खोडावरच फुटलेली, कुठे लांब दांडीवर वर उचललेली, कुठे दोरीला बांधल्यासारखी खाली लोंबणारी. सॉसेज ट्री बघितलं असेल, हातभर लांब देठांवर खाली झुलणारी मोठी लालसर तपकिरी फुलं, दिवसा बघितलं तर वाटतं ही काय विचित्र रचना, रात्री एखादं वटवाघूळ खालून सूर मारत आलेलं बघितलं की लख्ख कळतं. पार्किया नावाच्या झाडांची फुलं चेंडूसारखी देठाला टांगलेली असतात, एका चेंडूत शेकडो बारकी फुलं, त्यातली वरची वांझ आणि त्यांचं काम फक्त मकरंद गाळणं, वटवाघूळ चेंडूला मिठी मारून वरचा मकरंद चाटतं आणि पोट खालच्या पुंकेसरांवर घासतं. या झाडांत पराग सुटे नसून पुडीत बांधलेले असतात, म्हणजे एक पुडी नीट पोचली तर एका शेंगेपुरतं काम होऊन जातं.

रंगाबद्दल फार बोलायची गरज नाही, पांढरा, पिवळट, हिरवट नाहीतर मळकट जांभळा, रात्री कोण बघतंय. वास मात्र लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या बऱ्याच फुलांना सडक्या कोबीचा, लसणीचा वास येतो, तो गंधकयुक्त रसायनांचा, आणि त्यातलं डायमिथाइल डायसल्फाइड नुसतं ठेवलं तरी ग्लॉसोफॅगा तिकडे वळतो, ज्याने आयुष्यात फूल बघितलेलं नाही असा बंदिस्त वाढवलेलासुद्धा. जुन्या जगातल्या फुलांचा वास बऱ्याचदा वेगळा, आंबूस, कुबट. पहिल्यांदा काम करणारे नाक मुरडतात आणि म्हणतात फूल सडलंय, प्रयोगासाठी त्यावर घातलेली पिशवी काढून टाकूया का. अरे बाबा, ते तसंच असतं.

जिभेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ग्लॉसोफॅगाच्या जिभेच्या टोकावर केसांसारखे उंचवटे असतात, जीभ ताणली की त्यात रक्त भरतं आणि ते सगळे ताठ उभे राहतात, फरशी पुसायचा झुबकेदार मॉप ताठ झाल्यासारखा, मकरंद त्यात अडकतो आणि जीभ मागे. हे २०१३ मध्ये हायस्पीड कॅमेऱ्याने दाखवलं. लोंकोफिला नावाच्या दुसऱ्या गटात मात्र असला ब्रश नाहीच, जिभेच्या दोन्ही बाजूंना पन्हळ आहे आणि जीभ मकरंदात बुडवून ठेवायची, द्रव त्या पन्हळीतून वर चढत राहतो. एकाच कुळात दोन पद्धती. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे इक्वाडोरमधलं अनुरा फिस्तुलाटा, २००५ मध्ये शास्त्राला कळलेलं, अंग पाच-सहा सेंटिमीटरचं आणि जीभ साडेआठ सेंटिमीटर. ठेवतं कुठे? जिभेचं मूळ तोंडात नसून छातीच्या पिंजऱ्यात, छातीचं हाड आणि हृदय यांच्या मधे. तिथल्या सेंट्रोपोगोन निग्रिकन्स नावाच्या वनस्पतीची नळी तेवढीच खोल, आणि तिला दुसरं कोणीच जमत नाही. लोकांना वाटतं की फूल लांब होतं ते इतरांना बाहेर ठेवायला, पण खरी गोम वेगळी आहे. नळी आखूड असेल तर वटवाघूळ लांबूनच जीभ घालून मकरंद लंपास करतं आणि त्याचं डोकं पुंकेसरांना टेकतच नाही. नळी जिभेपेक्षा थोडी लांब असेल तर पठ्ठ्याला तोंड आत दाबावंच लागतं, आणि तेव्हा पराग बसतात. फुलाची लांबी वाढली ती गिऱ्हाइकाने चोरी करू नये म्हणून.

इथेच मुद्द्याचं येतं. वटवाघूळ फुलावर आलं म्हणजे परागीभवन झालं असं धरून चालू नका, अंगाचा कुठला भाग पुंकेसराला टेकला आणि पुढच्या फुलात तोच भाग कुक्षीला टेकला का, हे बघायचं. इक्वाडोरमधल्याच बर्मिस्टेरा नावाच्या झुडपांमध्ये एकाच जंगलात दोन-तीन प्रजाती एकाच वेळी फुलतात आणि तीच वटवाघळं सगळ्यांकडे जातात, तरी भेसळ कमी होते, कारण प्रत्येकीचे पुंकेसर कमीजास्त बाहेर आलेले असतात, एकीचे पराग कपाळावर, दुसरीचे डोक्याच्या मागच्या बाजूला. पोस्टमनच्या पिशवीतले वेगवेगळे कप्पेच. उलट बाजूने, विशेषज्ञ वाटणारा प्राणी नेहमी चांगला हमाल असतो असंही नाही. मेक्सिकोच्या बाजा कॅलिफोर्नियात कार्दोन निवडुंगावर लेप्टोनिक्टेरिस येतं, ते तर खानदानी मकरंद पिणारं, आणि तिथेच अँट्रोझस नावाचं वटवाघूळही येतं जे मुळात विंचू-किडे खातं. हे दुसरं धसमुसळं, अख्खं तोंड फुलात खुपसतं, कान-डोकं परागाने माखून निघतं, आणि एका भेटीमागे पराग पोचवायचा हिशेब काढला तर त्याने खानदानी वटवाघळाला कितीतरी मागे टाकलं. २०१३ चा पेपर, मी आजही नवीन लोकांना पहिला तोच वाचायला देतो. न्यूझीलंडमध्ये तर एक वटवाघूळ चक्क जमिनीवर चालत जाऊन डॅक्टिलँथस नावाच्या परजीवी वनस्पतीची मातीलगतची फुलं चाटतं आणि परागीभवन करतं. निसर्गाला आपल्या तक्त्यातल्या कॉलमांची पर्वा नाही.

माणसाच्या शेतीशी संबंध विचारलाय बऱ्याच जणांनी म्हणून तेही. बाजारातली केळी बी नसलेली, त्यांना परागीभवन लागतच नाही, लोंबणारं केळफूल वटवाघळासाठी घडलंय ते रानकेळीच्या काळापासून, आता नुसती सवय उरलीये. ड्युरियनला लागतं, आणि तिथलं मुख्य काम इओनिक्टेरिस स्पीलिया नावाचं गुहेत राहणारं वटवाघूळ करतं, चुनखडीच्या गुहा दगडासाठी फोडल्या की बागेचं उत्पन्न कमी होणार हे गणित डोंगर फोडणाऱ्याला दिसत नाही. टकीला या मेक्सिकन दारूची गोष्ट अजून वाकडी. टकीला ज्या निळ्या घायपातीपासून करतात ती फुलायच्या आत तोडतात, कारण फुलली की कंदातली साखर दांड्यात जाते, आणि नवीन रोपं बुडाशी फुटणाऱ्या मुनव्यांपासून लावतात, म्हणजे शेतच्या शेत एकाच रोपाची नक्कल. वटवाघळाला अन्न नाही, घायपातीत विविधता नाही, रोग आला की सगळी एकदम आडवी. मेक्सिकोचे रॉद्रिगो मेदेयीन यांनी शेतकऱ्यांना गळ घालून साधारण ५ टक्के झाडं फुलायला सोडायला लावली आणि २०१६ पासून वटवाघूळ-स्नेही शिक्का असलेल्या बाटल्या बाजारात आल्या. लेप्टोनिक्टेरिस २०१३ मध्ये मेक्सिकोच्या आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आलं. त्यात गुहा सांभाळल्या त्याचा वाटा मोठा आहे, सगळं श्रेय बाटलीला देऊ नका.

आता तुमच्या झाडाचं. खात्री करायची असेल तर स्वतः करून बघता येतं, फार खर्च नाही. उमलायच्या आदल्या दिवशी कळ्यांना दोरा बांधून पाच गट करा. एक गट पूर्ण उघडा. दुसरा कायम जाळीच्या पिशवीत. तिसरा फक्त रात्री उघडा, दिवसा पिशवी. चौथा उलटा, दिवसा उघडा, रात्री झाकलेला. पाचव्याला दुसऱ्या झाडाचे पराग ब्रशने हाताने लावा आणि लगेच झाका. जमलं तर सहावा, ज्यावर रात्री इतकी मोठ्या भोकांची जाळी असेल की पतंग शिरतील पण वटवाघूळ शिरणार नाही, कारण रात्री येतं ते सगळं वटवाघूळ नसतं, पतंगांना विसरलं की निष्कर्ष चुकतो. गोरखचिंचेबाबत नेमकं हेच झालंय, आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी तिचं परागीभवन वटवाघळं करतात पण दक्षिणेकडे मोठे पतंग महत्त्वाचे निघाले.

पिशवी फुलाला चिकटू देऊ नका, तारेचं कडं घालून लांब ठेवा. माझ्या पहिल्या हंगामात मी हे केलं नव्हतं, वाऱ्याने कापड पुंकेसरावर घासून कुक्षीवर घासत राहिलं आणि झाकलेल्या फुलांनाही फळं धरली, मी खुशाल लिहून मोकळा झालो की या झाडाला कोणाचीच गरज नाही. वर चिठ्ठ्यांवर साध्या पेनाने नंबर घातलेले, एक पाऊस आला आणि गट क्रमांक तीन कुठला नि चार कुठला काही कळेना. पेन्सिल वापरा, पेन्सिल पुसत नाही. देठाला खाली थोडं ग्रीस लावा, नाहीतर मुंग्या पिशवीत घुसून मकरंद संपवतात.

रात्री बघायला बसणार असाल तर लाल काचेचा टॉर्च, तोही फुलावर सारखा मारायचा नाही, किंवा इन्फ्रारेडवाला कॅमेरा सरळ एकाच फुलावर रोखून ठेवा, अख्ख्या झाडाचं शूटिंग केलंत तर सावल्यांपलीकडे काही मिळत नाही. फुलाला काय टेकलं, तोंड का छाती का पंख, हे बघायचंय, किती आली हे नाही. वटवाघळं पकडायच्या भानगडीत मात्र पडू नका. त्याला परवानगी लागते, रेबीजची लस घेतलेली लागते, आणि आम्हीही हातमोज्याशिवाय हात लावत नाही. त्यांच्या फरवरचे पराग गुलाबी रंग घातलेल्या जिलेटिनच्या तुकड्याने टिपून स्लाइडवर बघतात, ते काम शिकलेल्या माणसाचं. आणि खाली पडलेलं वटवाघूळ उचलायचं नाही, लहान मुलांनाही सांगून ठेवा.

फळं मोजायची घाई करू नका. फुलाच्या जागी बारीक गाठ दिसली की लोक फळ धरलं म्हणून नोंद करतात, पण पराग कमी पडलेली किंवा स्वतःच्याच परागाने धरलेली फळं झाड पुढच्या काही आठवड्यांत गाळून टाकतं. एकदा आठवड्याने मोजा, एकदा महिन्याने, आणि जमलं तर पिकल्यावर आतल्या बिया मोजा. रात्री उघड्या ठेवलेल्या गटात महिन्यानंतर फळं टिकली आणि मोठ्या भोकांच्या जाळीतल्या गटात नाही टिकली, तर तुमचं उत्तर तुमच्या हातात आहे. दोन्ही गट सारखेच आले तर तुमच्या झाडाचा हमाल पतंग आहे आणि वटवाघळं फक्त फुकट चहा पिऊन जातात. दिवसाचा गट पुढे निघाला तर पक्षी आणि मधमाश्या, काटेसावरीसारख्या झाडांवर रात्री वटवाघळं दिसतात पण दिवसा पक्ष्यांची रीघ असते, तिथे असं व्हायची शक्यता बरीच. निदान दोन हंगाम करा, एका हंगामात पावसाने नाहीतर थंडीने गणित बिघडतं, आणि दर गटात २० पेक्षा कमी फुलं असतील तर मला आकडे विचारू नका.